एनएफएल ड्राफ्ट नव्याने बघताय? आधी आपली टीम बघा, पोरं नंतर

आधीच सांगतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून धडाधड आदळतात तो, कोल्हापूरच्या पेठांमधला नाही. इकडे अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच मराठी मंडळी एनएफएल, म्हणजे त्याची इथली मोठी लीग, बघायला लागलीयेत. सीझन कळतो, सुपर बोल कळतो, आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे टीमनी नवीन प्लेअर निवडायचा कार्यक्रम, आला की गाडी अडते, कारण तीन दिवस नुसती नावं पुकारतात, एक बॉल फेकला जात नाही, तरी लाखो लोक टीव्हीसमोर बसलेले, ह्यात बघायचं काय तेच समजत नाही. तर हे त्यांच्यासाठी. मी सिनसिनाटी बेंगल्सवाला आहे, त्यामुळे उदाहरणं बेंगल्सची जास्त येणार आणि त्यातली बरीचशी रडायची असणार, चालवून घ्या.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो तर कुठलातरी मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुठे जाईल ह्याची अंदाजे यादी, उघडतो, पहिली दहा नावं पाठ करतो आणि मग त्यातला एक पोरगा त्याला आवडतो आणि तोच आपल्या टीमला मिळाला पाहिजे म्हणून हट्ट धरून बसतो. हे म्हणजे घरात काय संपलंय ते न बघता डी-मार्टला जाण्यासारखं आहे. सुरुवात आपल्या टीमपासून करायची, आणि ती पण फक्त आजची टीम नाही तर दोन वर्षांनंतरची.

पायरी १: नियम, पटकन

हा आयपीएलसारखा लिलाव नाहीये. बोली नाही, पैसे ओतून कोणाला उचलता येत नाही. ३२ टीम, ७ राउंड, प्रत्येकाचा नंबर ठरलेला, आणि नंबर उलटा लागतो म्हणजे मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम पहिली. प्लेऑफला न गेलेल्या १८ टीम आधी, मग प्लेऑफवाल्या, आणि सुपर बोल जिंकलेली टीम ३२व्या नंबरवर. ही आयडिया ईगल्सचा मालक बर्ट बेल ह्याची, कारण श्रीमंत टीमच सगळी चांगली पोरं पळवायच्या आणि त्याच्या टीमला उरलंसुरलं मिळायचं. पहिला ड्राफ्ट १९३६ ला फिलाडेल्फियात झाला आणि गंमत बघा, इतिहासातला पहिलावहिला पिक, म्हणजे निवडलेला प्लेअर, जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टमध्ये फसगत होण्याची परंपरा पहिल्या नावापासूनच आहे.

प्लेअर हायस्कूल संपून तीन वर्षं झालेला हवा, म्हणून बहुतेक सगळे कॉलेजमधून येतात. निवडायच्या पाळीलाही पिकच म्हणतात, आणि हे पिक एकमेकांना विकता येतात, म्हणजे ट्रेड, आणि पुढच्या वर्षीचे पिक पण देता येतात, इथेच माणसं कर्ज काढल्यासारखी वागतात, ते पुढे येईलच. शिवाय तुमचे चांगले प्लेअर कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळे झाले, म्हणजे फ्री एजन्सीत दुसरीकडे गेले तर भरपाई म्हणून तिसऱ्या ते सातव्या राउंडच्या शेवटी जादा पिक मिळतात. त्यामुळे एकूण आकडा ३२ गुणिले ७ म्हणजे २२४ वर थांबत नाही, २०२५ ला २५७ पिक होते.

गुरुवारी रात्री पहिला राउंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी उरलेले चार. गुरुवारी अमेरिकेत ईस्टर्न टाइमने रात्री ८ म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाच. भारतातून बघणार असाल तर शनिवार सोयीचा, तिकडे दुपारी १२ ला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ.

पायरी २: पैशाचं गणित, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही

प्रत्येक टीमला पगारावर मर्यादा आहे, सॅलरी कॅप. २०२५ ला ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून ऑफेन्स चालवणारा, एकटाच त्यातला मोठा लचका तोडतो. आणि ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा पगार मात्र पिकच्या नंबरवरून जवळजवळ ठरलेला असतो, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पहिल्या राउंडवाल्यांना पाचव्या वर्षाचा ऑप्शन टीमच्या हातात. हे २०११ पासून आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० ला, सॅम ब्रॅडफर्ड पहिला गेला त्याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर, आणि २०११ ला कॅम न्यूटन पहिला गेला त्याला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. एका वर्षात एवढा फरक.

म्हणून ड्राफ्ट म्हणजे स्वस्तात चांगला माणूस मिळण्याची जवळजवळ एकमेव जागा. ब्रॉक पर्डी बघा, २०२२ ला अगदी शेवटचा, २६२वा पिक, त्या शेवटच्या पोराला मिस्टर इररेलेव्हंट म्हणून चिडवतात सुद्धा, तो फोर्टीनाइनर्सना सुपर बोलला घेऊन गेला तेव्हा त्याचा पगार कित्येक राखीव प्लेअरपेक्षा कमी होता. आणि २०२५ ला त्याने पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट केलं. जोवर तो स्वस्त होता तोवर बाकीच्या जागांवर महागडी माणसं ठेवता येत होती, आता नाही. कुठलीही टीम ड्राफ्टमध्ये काय करतेय हे कळत नसेल तर आधी त्यांच्या क्वार्टरबॅकचा पगार बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पायरी ३: वही घ्या

मोबाइलमधली शीट पण चालेल. आपल्या टीमचा डेप्थ चार्ट, म्हणजे कुठल्या जागेवर कोण आणि त्याच्या मागे कोण ती यादी, उघडा. सीझनमध्ये ५३ जणांचा रोस्टर असतो, पण सगळे ५३ लिहायची गरज नाही, ऑफेन्सचे ११, डिफेन्सचे ११, आणि डिफेन्सचा एक जादा कॉर्नरबॅक, कारण हल्ली टीम निम्म्याहून जास्त वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) घेऊनच खेळतात, त्यामुळे निकेल कॉर्नर, म्हणजे तो पाचवा, हा पण स्टार्टरच समजा. प्रत्येक नावापुढे वय, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ते, आणि मागच्या दोन वर्षांत किती मॅच बाहेर बसला ते.

हे लिहिलं की नीड, म्हणजे टीमची गरज, काय ते दिसायला लागतं. एक तर आजचं भोक, म्हणजे तिथे माणूसच नाही. दुसरं पुढच्या वर्षीचं भोक, माणूस आहे पण वय ३१ आणि कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष. आणि तिसरं म्हणजे स्टार्टर ठीक आहे पण तो पडला तर मागे कोणीच नाही. नवीन फॅन पहिलंच बघतो, जनरल मॅनेजरचं, म्हणजे टीमसाठी प्लेअर निवडणाऱ्याचं, लक्ष जास्त करून दुसऱ्यावर असतं, आणि एप्रिलमध्ये जी शिवीगाळ होते ती बहुतेक ह्या फरकामुळेच होते. शिवाय मार्चमध्ये फ्री एजन्सी होऊन जाते, तेव्हा बऱ्याच टीम भोकावर तात्पुरतं ठिगळ लावून ठेवतात, एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर एखादा अनुभवी माणूस आणून. वहीत तिथे भोक बुजलं असं लिहू नका, एक वर्ष ढकललं असं लिहा.

आमचंच घ्या. २०२४ ला आमचा क्वार्टरबॅक जो बरोने ४३ टचडाऊन फेकले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, रिसीव्हर जमार चेसने कॅच, यार्ड आणि टचडाऊन तिन्हीत पहिला नंबर काढला, आणि टीम ९-८, म्हणजे ९ जिंकल्या ८ हरल्या, प्लेऑफच्या बाहेर. ३३ किंवा जास्त पॉइंट करून आम्ही चार मॅच हरलो, वॉशिंग्टनशी ३८-३३, रेव्हन्सशी ४१-३८ आणि ३५-३४, स्टीलर्सशी ४४-३८. ह्यावर अजून वेगळं अनालिसिस कशाला पाहिजे, कुठल्याही लहान पोराला विचारा, डिफेन्स घ्या म्हणेल. पण डिफेन्स घ्या हे उत्तर नाहीच, डिफेन्समध्ये नेमकं काय, हा प्रश्न आहे. आमच्या ट्रे हेंड्रिक्सनने त्या वर्षी साडेसतरा सॅक काढलेले (सॅक म्हणजे बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), तो पण लीगमध्ये पहिला, पण त्याचा कॉन्ट्रॅक्टवरून वाद चालू आणि वय तिशीला टेकलेलं. म्हणजे वहीत तो एकाच वेळी टीमचा सगळ्यात मजबूत माणूस पण होता आणि उद्याचं सगळ्यात मोठं भोक पण.

पायरी ४: सगळ्या जागा सारख्या नसतात

क्वार्टरबॅक सगळ्यात वर, त्यावर वाद नको. त्यानंतर त्याला वाचवणारा ऑफेन्सिव्ह टॅकल, त्याच्यावर धावून जाणारा एज रशर, मग बॉल झेलणारा वाइड रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नरबॅक. रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा), सेफ्टी, गार्ड, मधला लाइनबॅकर, टाइट एंड हे खाली. खाली म्हणजे फालतू नाही, पण ह्या जागांवर तयार माणूस बाजारात त्यामानाने स्वस्त मिळतो, म्हणून वरचा पिक तिथे घालवू नये असा हिशोब.

ह्याचं नेहमीचं उदाहरण रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली. २०१८ ला जायंट्सनी त्याला दुसऱ्या नंबरला घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन सातवा आणि लमार जॅक्सन ३२वा गेला. प्लेअर म्हणून बार्कली एक नंबर, पण जायंट्सकडे ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पुढे उभी राहून वाट करून देणारी माणसं, नाही, क्वार्टरबॅक म्हातारा, एकटा तो काय करणार. २०२४ ला तो ईगल्सकडे गेला, तिथे लाइन जबरदस्त, २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकून मोकळा. माणूस तोच. मात्र हा नियम दगडावरची रेघ समजू नका. २०२३ ला लायन्सनी १२व्या नंबरला रनिंग बॅक जमीर गिब्स आणि १८ला मधला लाइनबॅकर जॅक कॅम्पबेल घेतला तेव्हा सगळ्या तज्ज्ञांनी नाकं मुरडली, पुढे दोघंही टीमचे खांब झाले. मला विचाराल तर फरक इतकाच की लायन्सची ऑफेन्सिव्ह लाइन आधीच उभी होती, जायंट्सची नव्हती.

पायरी ५: नीड की टॅलेंट, हा कायमचा वाद

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण ड्राफ्टची सगळी मजा ह्यात आहे.

२०२१. आमचा पाचवा पिक. आदल्या वर्षी पहिला पिक म्हणून आणलेल्या बरोचा गुडघा नोव्हेंबरमध्येच फाटलेला, कारण लाइन म्हणजे चाळणी. समोर दोन पोरं: ओरेगन कॉलेजचा टॅकल पेनेई सूल, आणि एलएसयू कॉलेजचा रिसीव्हर जमार चेस, जो कॉलेजमध्ये बरोच्या सोबतच खेळलेला. वही सांगतेय टॅकल घ्या. अर्धं शहर सांगतंय टॅकल घ्या. घेतला चेस.

पहिल्याच सीझनला चेसने १४५५ यार्ड काढले आणि टीम थेट सुपर बोलला, जिथे बेंगल्स ३३ वर्षं गेले नव्हते. झालं, टॅलेंटवाले जिंकले असं लोक म्हणतात. पण थांबा, त्याच वर्षी बरोला सीझनमध्ये ५१ वेळा सॅक केलं, प्लेऑफमध्ये अजून १९ वेळा, टायटन्सच्या एका मॅचमध्ये ९ आणि सुपर बोलमध्ये ७, आणि शेवटच्या प्लेला रॅम्सचा अ‍ॅरन डोनाल्ड येऊन त्याला धरतो आणि २३-२० ने मॅच जाते. म्हणजे नीड कुठे गेलेलं नव्हतंच. दुसऱ्या राउंडला त्यासाठी क्लेम्सन कॉलेजचा जॅक्सन कार्मन घेतलेला, तो काही जमला नाही. आणि सूल सातव्या नंबरला लायन्सकडे गेला आणि ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तमांत निवडला गेला. म्हणजे दोन्ही पोरं खरी निघाली. मी आजही चेसच घेईन, पण का, तर पाचव्या नंबरला तुम्ही भोक बुजवत नाही, दहा वर्षं पुरेल असा माणूस घेता. भोक बुजवायचं ते तिसऱ्या-चौथ्या राउंडला किंवा मार्चमध्ये पैसे देऊन.

नीडच्या मागे लागल्यावर काय होतं त्याचं उदाहरण ईगल्स २०२०. त्यांना रिसीव्हर हवाच होता, म्हणजे नीड बरोबर होती, २१व्या नंबरला जेलेन रेगर घेतला. पुढच्याच, २२व्या पिकला व्हायकिंग्सनी जस्टिन जेफरसन घेतला. जागा एकच, पण ईगल्सना आपल्या ऑफेन्सला फिट बसणारा, वेगवान असा ठरावीक प्रकारचा रिसीव्हर पाहिजे होता म्हणून चांगला खेळाडू सोडला. फिलाडेल्फियाच्या माणसासमोर हा विषय काढू नका.

आणि उलटं टोक म्हणजे पॅकर्स. २००५ ला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व असताना २४व्या नंबरला अ‍ॅरन रॉजर्स, तो तीन वर्षं बाकावर बसला आणि मग सुपर बोल जिंकून दिला. तीच ट्रिक २०२० ला रॉजर्स असताना जॉर्डन लव्ह घेऊन केली, तेव्हा रॉजर्स खूश नव्हता. २०२४ ला फाल्कन्सनी तर कमालच केली, मार्चमध्ये कर्क कझिन्सला चार वर्षांचं १८ कोटी डॉलरपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरला क्वार्टरबॅकच घेतला, मायकल पेनिक्स. सगळे हसले. डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर आणि पेनिक्स मैदानात. शहाणपणा म्हणायचा की पैशाची नासाडी, मला अजून दोन्ही वाटतं.

पायरी ६: आता पोरं बघा

आता. पण शंभर नाही. वहीतली वरची तीन भोकं घ्या, प्रत्येकासाठी आपल्या नंबरच्या आसपास मिळतील अशी चार-पाच नावं, बस. हायलाइट बघू नका, हायलाइटमध्ये सगळेच भारी दिसतात, पूर्ण मॅच बघा आणि ती पण तगड्या टीमविरुद्धची. टॅकल बघताना बॉल विसरा आणि फक्त त्याच्या पायांकडे बघा. कॉर्नर असेल तर तो हरल्यावर पुढच्या प्लेला काय करतो ते बघा, कारण त्या जागेवर हरणार सगळेच.

मग कम्बाइन, म्हणजे पोरांची शारीरिक चाचणी, फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला होतं, ४० यार्ड पळणं, उंच उडी, २२५ पाउंडाचं बेंच प्रेस वगैरे. आकडे उपयोगाचे आहेत पण प्रेमात पडू नका. २०१७ ला रिसीव्हर जॉन रॉस ४.२२ सेकंदात पळाला, तेव्हाचा रेकॉर्ड, आमच्या लोकांनी नवव्या नंबरला घेतला आणि पहिल्या सीझनला त्याचे कॅच किती, तर शून्य. दहाव्या नंबरला चीफ्सनी कोणाला घेतलं ते सांगू का? पॅट्रिक महोम्स. आता पुढे बोलत नाही.

शरीर की कामगिरी हा सुद्धा वाद. २०२५ ला बेंगल्सनी १७व्या नंबरला एज रशर शेमार स्टुअर्ट घेतला, सहा फूट पाच इंच, २६७ पाउंड, ४.५९ ला पळणारा, पण कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून फक्त साडेचार सॅक. असा पोरगा दिसला की टीम म्हणते आम्ही शिकवू. मला विचाराल तर पहिल्या राउंडला आम्ही शिकवू हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. वय पण बघा, कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष आणि आता कॉलेजमध्येच मिळणारे पैसे ह्यामुळे पोरं जास्त वर्षं थांबायला लागली, क्वार्टरबॅक बो निक्स कॉलेजमध्ये ६१ मॅच सुरुवातीपासून खेळून २४ व्या वर्षी आला. अनुभव चांगलाच, फक्त २१ वर्षांच्या पोरात जेवढी वाढ बाकी असते तेवढी ह्याच्यात नसते.

पायरी ७: मॉक ड्राफ्ट किती सिरियसली घ्यायचे

गंमत म्हणून. त्यातून कोणत्या टीमला कोण हवंय ह्याचा अंदाज येतो, बाकी काही नाही. २०२५ ला क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स कित्येक मॉकमध्ये पहिल्या राउंडला होता, प्रत्यक्षात १४४वा गेला, पाचव्या राउंडला, ब्राउन्सकडे, ज्यांनी तिसऱ्या राउंडला आधीच एक क्वार्टरबॅक डिलन गेब्रियल घेतलेला. हे कोणीच लिहिलं नव्हतं.

पायरी ८: ड्राफ्टच्या रात्री

प्रत्येक टीमसाठी घड्याळ चालू असतं. २००३ ला व्हायकिंग्सनी ट्रेडच्या नादात वेळच संपवला आणि मागच्या दोन टीमनी पुढे उडी मारून आपापले पिक दिले. तरी नवव्या नंबरला त्यांना केव्हिन विल्यम्स मिळाला आणि तो जबरदस्त निघाला, नशीब बघा.

ट्रेड झाला की लगेच टाळ्या वाजवू नका, किंमत बघा. नव्वदच्या दशकात काउबॉइजच्या जिमी जॉन्सनने प्रत्येक पिकला पॉइंट द्यायचा तक्ता वापरात आणला, पहिला पिक ३०००, दुसरा २६००, ३२वा ५९०. आता त्याहून सुधारलेले तक्ते आहेत, पण अंदाजाला हा पुरतो. एका क्वार्टरबॅकसाठी टीम भान सोडतात हे मात्र कायम: २०२१ ला फोर्टीनाइनर्सनी १२ वरून ३ वर यायला पुढचे दोन पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक तिसऱ्या राउंडचा दिला, ट्रे लान्स घेतला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला काउबॉइजला एका चौथ्या राउंडच्या पिकवर देऊन टाकला. २०२२ ला फुकटात मिळालेला पर्डी आल्यामुळे ते वाचले. दुसरी कुठली टीम असती तर जनरल मॅनेजरचं सामान बाहेर.

गुरुवारनंतर झोपून जाऊ नका, खरे ड्राफ्टवाले शनिवारी बसतात. आपल्या लोकांसाठी एक नाव सांगतो, ब्रँडन चिलर, वडील भारतीय, यूसीएलए कॉलेजचा लाइनबॅकर, २००४ ला रॅम्सनी चौथ्या राउंडला घेतला आणि नंतर पॅकर्सकडे खेळला. भारतात जी एलिट फुटबॉल लीग निघाली होती, जिच्यात पुणे मराठाज नावाची टीम होती, तिच्या मागे उभ्या राहिलेल्यांमध्ये हा पण होता.

सातवा राउंड संपला की फोनाफोनी सुरू होते, कोणीच न घेतलेल्या पोरांना टीम स्वतः बोलावतात, आणि सातव्या राउंडला जायचं त्यापेक्षा हे कधीकधी बरं, कारण टीम स्वतः निवडता येते. काउबॉइजचा क्वार्टरबॅक टोनी रोमो असाच आलेला. ती यादी रात्री उशिरापर्यंत वाढत राहते, आपल्या तिसऱ्या प्रकारच्या भोकाला, म्हणजे बाकावरच्या माणसाला, तिथे उत्तर सापडतं. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रत्येक टीमला ए, बी, सी असे मार्क देतात ते वाचा आणि विसरा, तीन वर्षं तरी जाऊ द्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या राउंडवाल्यांचा पाचव्या वर्षाचा ऑप्शन घ्यायचा की नाही ते टीमना ठरवावं लागतं, खरा रिझल्ट तो. आणि ऑगस्टच्या शेवटी ९० जणांचे ५३ होतात, त्या दोन दिवसांत चांगले चांगले लोक मोकळे होतात आणि त्यांच्यावर पहिला हक्क परत मागच्या सीझनला वाईट खेळलेल्यांचाच, म्हणजे तुमची टीम शेवटून वर असेल तर तेव्हाही बघत राहा, भोकं अजून बुजायची असतात.